तोंडातल्या टाचण्या

आमच्या घरात एक नियम आहे. तोंडात टाचण्या धरून बोलायचं नाही. जेवताना बोला, झोपेत बोला, दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडून बोला, कुणी काही म्हणणार नाही. पण शिवताना ओठांत टाचणी असली की गप्प. बोलायचंच असेल तर आधी टाचण्या काढायच्या, उशीत खोचायच्या आणि मग तोंड उघडायचं. नव्या सुनांना वाटतं, गिळली जाईल म्हणून असेल. छे! टाचणी गिळून या घरात अजून कुणी मेलेलं नाही. कारण वेगळंच आहे, आणि ते थेट राणीच्या दरबारात जातं.

हसू नका. माझ्या सासूबाई दरबारात होत्या. अगदी राणीच्या डाव्या हाताला उभ्या असायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही ते खोटं वाटलं होतं, आणि खोट्यातलं मला जरा जास्तच कळतं. गोष्ट त्यांनी मला एका दमात कधी सांगितली नाही. कधी काजं करताना, कधी झालर लावताना, तुकड्या-तुकड्यानं दिली. मी ते तुकडे जोडले. तेव्हा कापड त्यांचं, झालर माझी. झालर कुठे आहे ते तुम्हाला कळेलच, मी काही ती लपवून शिवत नाही.

आधी बायकांच्या मानाचं सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

पूर्वी दरबारात बायकांना पदक असं नव्हतंच. नवऱ्याच्या छातीवर तारा लागायचा आणि बायकोनं त्याच्या उजेडात उभं राहायचं. लढाईला गेला त्याला तारा, लढाईला न जाता घरी राहिला त्याला त्याहून मोठा तारा. एक राजा तर इतका दिलदार, की त्यानं आपल्या घोड्यालाच तारा दिला. त्या दिवशी भरल्या मेजावर राणीनं चमचा खाली ठेवला.

"घोड्याला तारा? अहो, मी तुम्हाला सात मुलं दिली."

राजा म्हणाला, "त्या घोड्यानं मला लढाईतून सुखरूप घरी आणलं."

"मी तुम्हाला कुठून कुठून घरी आणलंय, ते सांगू का या सगळ्यांसमोर?"

दुसऱ्याच दिवशी बायकांचं पहिलं पदक निघालं.

ते पहिलं घराण्यातल्या बायकांसाठी. बशीएवढं, मध्ये राणीचं चित्र, कडेनं हिरे. इतकं जड, की राजाची एक आत्या पदकाच्या बाजूला कलून कलून शेवटी सरळ चालायचीच विसरली. दिवाणखान्यात गोल गोल फिरायची. मग दुसरं निघालं ते प्रधानांच्या नि सरदारांच्या बायकांसाठी. आणि राबणाऱ्या बायकांना? त्यांना रिकामा हात. शेवटी महालातली धोबीण वैतागली. एक दिवस तिनं कपड्यांना खळच घातली नाही. संध्याकाळी दरबार भरला, तर सगळ्यांच्या कॉलरी अशा माना टाकून बसलेल्या, की परदेशी पाहुणा हळूच विचारता झाला, "कोण गेलं?"

तेव्हा तिसरा मान निघाला, कामकरी बायकांचा. बटणाहून मोठं, बिस्किटाहून लहान असं चांदीचं पदक, वर राणीचा चेहरा, आणि निळ्या रिबिनीची गाठ. लावायचं डाव्या खांद्यावर. पुरुषांचं छातीवर असतं. आपल्याला छाती काढून चालायची सवय कुणी लावलीच नव्हती ना.

आणि त्या मानाचा एक कडक नेम होता. पदक राणीनं स्वतःच्या हातानं टाचायचं, आणि राणीच्या हातानं लागलेली टाचणी फक्त राणीच्याच हातानं निघायची. दुसऱ्या कुणी तिला शिवायचं नाही, जिचं पदक तिनंसुद्धा नाही. म्हणजे ज्या झग्यावर लागलं, त्याच झग्यावर जन्मभर. झगा काढा, खुंटीला टांगा, पदक तिथंच. धुवायचा तर खांदा वगळून धुवा. राणी ते काढायची दोनदाच: बाई मेली की, नाहीतर बाई चोर निघाली की. मेलीचं गुपचूप काढायची. चोराचं भर अंगणात, सगळ्यांना बोलावून.

म्हणून ज्या बाईला मान जाहीर व्हायचा, ती आधी नवा झगा शिवायला घ्यायची. आणि शिवणीत सढळ हातानं माया सोडायची, म्हणजे आत कापड राखून ठेवायची. जन्मभर त्याच झग्यात मावायचं होतं. पंचविशीची कंबर पन्नाशीत कुठे असते?

सासूबाई तेव्हा विशीतल्या होत्या, लग्न व्हायचं होतं. राणीच्या टाचणीवाल्या होत्या. कपडे शिवणाऱ्या वेगळ्या, घालणाऱ्या वेगळ्या. यांचं काम एवढंच, की राणीच्या अंगावर जे सुटेल, लोंबेल, सरकेल ते टाचायचं. मनगटाला टाचण्यांची उशी बांधलेली आणि हाताशी असाव्यात म्हणून चारसहा टाचण्या ओठांत. पोटमाळ्यावर तिरक्या छताची एक खोली होती, तिथं दोन खाटा, दोन खुंट्या आणि एक खिडकी. दुसरी खाट दूधआईची.

दूधआई म्हणजे युवराजाची दाई. युवराज जन्मला तेव्हा राणी तापानं फणफणलेली. या बाईचं स्वतःचं पोर महिन्याभराचं होतं. ते तिनं बहिणीकडे बाटलीवर टाकलं आणि राजाच्या पोराला छातीशी घेतलं. युवराज वाढला, घोड्यावर बसायला लागला. दूधआईला मग महालात मोजे रफू करायचं काम दिलं. आणि बहिणीकडे वाढलेल्या लेकीनं आईशी बोलणं कधी सुरूच केलं नाही. भांडण नाही, काही नाही. नुसतं परकेपण.

इतक्या वर्षांनी दूधआईला तिसरा मान जाहीर झाला. तिनं निळं कापड आणलं, भरपूर माया आत सोडून झगा शिवला आणि लेकीला निरोप धाडला. लेक येते म्हणाली. दूधआई सासूबाईंना म्हणाली, "तिला एवढंच दाखवायचंय, की तुझं दूध मी उगाच नाही दिलं. राणीनं ध्यानात ठेवलंय." मग झग्याची बाही उलटी-सुलटी करत बसली. "लागलं ना एकदा खांद्यावर, मग मला वर बघून बोलता येईल तिच्याशी."

आता राणीचं सांगते. राणी मनानं चांगली होती, पण तिला दिसायचं कमी. चार पावलांवरचा माणूस आणि पडदा तिला सारखाच. चष्मा लावायची नाही; नाण्यावरच्या चित्रात चष्मा नव्हता ना! दरबारात हे सगळ्यांना ठाऊक आणि कुणालाच ठाऊक नाही. एकदा ती कोट अडकवायच्या खांबाला म्हणाली, "फार वाळलात हो." तर लगेच चार सरदार पुढे होऊन खांबाच्या वतीनं आभार मानते झाले.

मानाचा दिवस आला. दालनात दोन्ही बाजूंना लोक, मागे कठड्याशी नातेवाईक, तिथंच दूधआईची लेक. पुकारा झाला. निळ्या झग्यात दूधआई पुढे आली. राणीपुढे गुडघ्यात खाली वाकायचं असतं. ती वाकली, पार जमिनीपर्यंत. आणि गुडघे अडकले. उठताच येईना.

सासूबाई राणीच्या शेजारी तबक घेऊन उभ्या होत्या. त्यांना दिसलं, म्हातारीला उठवत नाहीये. तबक शेजारणीच्या हातात देऊन त्या हात द्यायला एक पाऊल पुढे झाल्या. मनात काही पाप नाही हो, चांगलंच करायला गेल्या. राणी तबकातलं पदक घेऊन वळली. खाली वाकलेलं तिला दिसलंच नाही. समोर उभं माणूस तेवढं दिसलं. तिनं पदक त्या माणसाच्या खांद्याला टाचलं.

सासूबाईंच्या करड्या, कामाच्या झग्याला.

वर राणी म्हणाली, "तुमच्या दुधावर माझा मुलगा वाढला. हे घर ते विसरायचं नाही."

कुणाला, तर जिचं अजून लग्न झालेलं नाही अशा पोरीला! दालनात कुणी हसलं नाही. हसणार कोण? राणीनं सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवला, वाट बघत उभी राहिली. आणि सासूबाईंनी मान हलवली. होकाराची.

बँड सुरू झाला. टाळ्या पडल्या. राणी पुढे गेली.

मी त्यांना विचारलं होतं, "पण मान का हलवलीत?" त्या शिवणावरून नजर न काढता म्हणाल्या, "माझ्या खांद्यावर तोवर लोकांनी कपडेच टाकले होते ग. हात कुणी ठेवला नव्हता."

दूधआई एका पहारेकऱ्याचा हात धरून उठली. पहिल्यांदा तिनं आपला खांदा चाचपला. मग राणीची पाठ बघितली. मग सासूबाईंचा खांदा. कठड्याशी गेली तेव्हा लेकीनं विचारलं, "कुठंय?" दूधआई म्हणाली, "पुढल्या खेपेला असेल." लेकीनं डोक्यावरची टोपी नीट केली. "बरं. मला गाडी गाठायचीय."

हे सासूबाईंनी पाच हातांवरून ऐकलं. जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं असं त्यांना झालं. पण महालाची जमीन संगमरवरी, ती काय दुभंगतेय!

त्या धावत मोठ्या बाईंकडे गेल्या. मोठ्या बाई म्हणजे दरबारच्या सगळ्या बायकांवरच्या बाई. कोण कुठे बसणार, कोण किती वाकणार, सगळं त्यांच्या हातात.

"बाई, चूक झालीय."

"कुणाची?"

"राणीसाहेबांची."

"राणीसाहेबांची चूक होत नाही. म्हणजे झाली नाही."

"पण दूध मी पाजलं नाही!"

"सगळ्यांनी ऐकलं, पाजलंस. तूही मान हलवलीस."

"बाई, माझं लग्न व्हायचंय!"

"मग आता लवकर होईल," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि हे बघ, ते काढायचं तर भर अंगणात निघेल. चोर म्हणून. जायचंय अंगणात?"

सासूबाई अंगणात गेल्या नाहीत. पोटमाळ्यावर गेल्या. दूधआई खाटेवर बसून गुडघे चोळत होती. निळा झगा तिनं काढून उलटा करून टांगला होता, धूळ बसू नये म्हणून. सासूबाई दारातच थांबल्या. पदक एवढंसं, पण त्यांना वाटलं आपण बशी लावून आलोय.

दूधआईनं वर पाहिलं. "तोंडात टाचण्या होत्या ना ग तुझ्या?"

सासूबाई म्हणाल्या, "हो."

"वाटलंच मला. बोलणार कशी तू?"

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथं काडी बुडवलेलीनंच पुढे केली, आणि आमच्या सासूबाईंनी ती धरली.

मांजर डोळे मिटून दूध पितं. सासूबाईंनी दुसरीच्या दुधाचा मान डोळे उघडे ठेवून प्यायला. काय काय नाही मिळालं त्या पदकाबरोबर! मानाच्या बायकांना दरबारात बाकावर बसायला मिळायचं. जन्मभर उभ्या राहिलेल्या बाईला बाक म्हणजे काय, ते मला विचारा. पहारेकरी टाच आपटायचा. बेकरीवाला पाव निवडून द्यायचा. त्यांची आई शेजारणींना घेऊन महालाच्या फाटकाशी यायची आणि बोट दाखवायची, "ती बघा, करड्या झग्यातली." आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या घरून मागणी आली. म्हणजे आमच्याच घरून. मुलाच्या आईनं, माझ्या आजेसासूनं, सगळीकडे सांगून टाकलं की आमची सून राणीच्या खांद्याला खांदा लावून असते. मागणी पोरीला होती की पदकाला, हे आमच्या घरात कुणी उकरून काढलं नाही.

आणि रोज संध्याकाळी त्या पोटमाळ्यावर येऊन तो झगा खुंटीला टांगायच्या, पदकाची बाजू भिंतीकडे करून. शेजारच्या खुंटीवर निळा झगा. दूधआई एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, केस ओढले असते, तर यांनाही उलट चार शब्द बोलता आले असते. ती उलट विचारायची, "दमलीस का ग?" आणि यांच्या मोज्याला भोक दिसलं की रफू करून ठेवायची.

दोन हिवाळे असे गेले. दूधआईची लेक नवऱ्याबरोबर जहाजानं दूरदेशी निघून गेली. जाताना आईला भेटली नाही, सांगून मात्र पाठवलं.

सासूबाईंच्या लग्नाचा दिवस ठरला. दूधआई म्हणाली, "तुझ्या लग्नाला मी तो निळा घालीन. नाहीतर पडून पडून त्याला कसर लागेल. पण कमरेत जरा सोडून दे, मी सुटलेय."

सकाळची वेळ होती, खिडकीतून चांगला उजेड येत होता. दूधआई निळा झगा घालून स्टुलावर उभी राहिली. सासूबाई खाली बसल्या, शिवणी उसवल्या, आतली माया बाहेर काढली, टाचायला लागल्या. सवयीनं टाचण्या ओठांत. आणि सवयीनं बडबड सुरू. सासू कशी आहे, नवरा शिटी वाजवत कसा काम करतो, त्या घरात सगळी घड्याळं वेगवेगळ्या वेळेला टोले देतात तर जेवायचं कोणत्या टोल्याला, नणंद कशी नाकात बोलते. नणंदेची नक्कलसुद्धा केली. टाचण्या ओठांत धरून नाकात बोलून दाखवलं, आणि एकही टाचणी पडली नाही!

दूधआई हसली नाही. सासूबाईंनी मान वर करून पाहिलं. दूधआई त्यांच्या ओठांकडे बघत होती. त्या चारसहा टाचण्यांकडे.

सासूबाई गप्प झाल्या.

"बोल की," दूधआई म्हणाली. "थांबलीस का?"

मला हे सांगताना सासूबाईंचे कान लाल झाले होते. सत्तरीच्या बाईचे कान लाल झालेले मी तेवढे एकदाच पाहिले. त्या म्हणाल्या, "दोन वर्षं मी त्या टाचण्यांच्या आड उभी होते ग. आणि तिला पहिल्यापासून माहीत होतं. रोज रात्री झोपेपर्यंत मी टाचण्या तोंडात धरून तिचे कान किटवायची."

झगा तसाच अर्धवट टाचलेला सोडून त्या राणीकडे गेल्या. राणीच्या अंगावर कपडा चढवताना त्यांना एकटीला आत जाता यायचं, एवढा त्यांचा अधिकार होता. आरशासमोर राणी उभी होती. आरशात तिला स्वतःचा रंग तेवढा दिसत असेल.

सासूबाईंनी टाचण्या ओठांतून काढल्या. "राणीसाहेब, दूध मी पाजलं नव्हतं."

राणी आरशाकडून न वळताच म्हणाली, "माहीत आहे."

"माहीत आहे?"

"दूधआईचा खांदा मला ठाऊक नाही? तापात मी त्याच खांद्यावर डोकं टाकून पडायची. तुझ्या खांद्याला हात लावला आणि हाड लागलं. तेव्हाच कळलं."

"मग तेव्हा…"

"लगेच बँड सुरू झाला ना," राणी म्हणाली.

सासूबाई म्हणायच्या, त्या वेळी मला वाटलं आरशात मीच उभी आहे. तिचा बँड, माझ्या टाचण्या. राणी झाली म्हणून काय, सबब आपल्यासारखीच सापडते.

"आता काढून घ्या," सासूबाई म्हणाल्या.

"काढलं तर तू चोर ठरशील."

"आणि नाही काढलं तर?"

राणीनं हात पुढे केला, हवेत चाचपला, तो यांच्या पदकाला लागला. टाचणीवर बोट ठेवलं. आणि मागे घेतलं. "सगळ्यांना कळेल ग," ती म्हणाली. "मला दिसत नाही ते."

सासूबाई बाहेर आल्या. त्यांना राणीचा राग आला नाही. आला असता तर काय, खाई त्याला खवखवे! दुसरीच्या तोंडून आपलीच सबब ऐकली की कशी ओंगळ दिसते, एवढंच त्यांना कळलं. त्या सरळ शिवणघरात गेल्या. दिवसाढवळ्या, दहा बायका शिवत बसलेल्या असताना. अंगावरचा करडा झगा काढला, आतल्या परकरावर उभ्या राहिल्या, झगा टेबलावर पसरला आणि मोठी कात्री उचलली.

टाचणीला शिवायचं नाही, एवढाच नेम होता. कापडाबद्दल कुणी काही म्हणालं नव्हतं.

त्यांनी डाव्या खांद्यावर पदकाच्या चहूबाजूंनी कापड कापलं. तळहाताएवढा करडा चौकोन, त्यावर रिबिनीची गाठ, पदक आणि राणीची टाचणी, जशीच्या तशी. दहाही जणींची मशीनं थांबली. एक म्हणाली, "अगं, वेड लागलं का?" दुसरीनं तिला कोपर मारलं. सासूबाईंनी झगा तसाच, खांद्याला भोक असलेला, परत अंगात घातला आणि चौकोन घेऊन पोटमाळ्यावर गेल्या. दूधआई अजून स्टुलाशीच बसली होती. टाचलेला झगा अंगात, त्यामुळे बिचारीला नीट बसताही येत नव्हतं.

"खांदा करा इकडे," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी निळ्या झग्याच्या डाव्या खांद्यावर तो करडा चौकोन ठेवला, कडा आत दुमडल्या आणि शिवायला लागल्या. बारीक टाके. हातात फक्त सुई. तोंडात काही नाही, आणि तरी शब्द नाही. दूधआई मान वळवून बघत होती. शिवून झालं तेव्हा तिनं चौकोनाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"छान झालंय. टाका दिसत नाही."

सासूबाईंचा जीव जरा भांड्यात पडायला लागला होता.

मग दूधआई म्हणाली, "कात्री तर तेव्हाही होती की ग आपल्याकडे."

एवढंच. आवाज चढवला नाही. म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. लेक इथं होती तेव्हा, असं ती म्हणाली नाही. म्हणायची गरजच नव्हती. जहाज गेलं होतं.

सासूबाई भोक पडलेल्या झग्यानं घड्याळवाल्यांकडे गेल्या आणि खरं काय ते सांगून टाकलं. आजेसासूनं त्या भोकातून त्यांच्या उघड्या खांद्याकडे पाहिलं. म्हणाली, "आणि मी गल्लीभर सांगितलंय ना, त्याचं काय करू?" ती बाई अशी रडली, की घरातली घड्याळं ऐकू येईनात. शेवटी मुलगा, म्हणजे माझे सासरे, कामावरून डोकं वर न काढता म्हणाले, "आई, मला पदकाशी लग्न करायचं नव्हतं. ते दुरुस्त करता येत नाही." लग्न झालं, पण आजेसासू त्यानंतर सुनेची ओळख करून देताना "ही आमची" एवढंच म्हणायची आणि पुढे गिळायची. सासूबाईंनी कधी वाईट मानून घेतलं नाही. त्यांच्या मते ते कमीच होतं.

लग्नाला दूधआई निळ्या झग्यात पहिल्या रांगेत बसली. खांद्यावर करडं ठिगळ, ठिगळावर चांदीचं पदक. सासूबाईंनी पूर्ण वेळ मान वर केली नाही. पाहुण्या एकमेकींना सांगत होत्या, "किती लाजाळू नवरी!"

पुढच्या दरबारात दूधआई मानाच्या बाकावर बसली. राणी बाकाच्या कडेनं चालत आली, हात पुढे, नेहमीसारखी. दूधआईच्या खांद्याशी तिचा हात थांबला. खांदा ओळखीचा. पदक लागलं. मग बोट खाली सरकलं आणि त्याला ठिगळाची कड लागली. राणी त्या कडेवरून बोट फिरवत उभी राहिली. सगळा दरबार ते ठिगळ बघत होता, आणि सगळा दरबार छत बघत असल्याचं दाखवत होता. मग राणी पुढे गेली.

महिन्याभरानं फर्मान निघालं: तिसऱ्या मानाच्या पदकाखाली यापुढे करड्या कापडाचा चौकोन असेल. मोठ्या बाईंनी जाहीर केलं, "ही नवी शोभा आहे." राणीनं ते दूधआईचं ठिगळ उठून दिसू नये म्हणून केलं, की स्वतःची चूक झाकायला केलं, देव जाणे. पण दरबारात लगेच पसंत पडलं. काय साधेपणा, काय अभिरुची! दोन सरदारणींनी तर आपल्या भारी झग्यांना मुद्दाम करडे चौकोन लावून घेतले. ही झालर नाही बरं का, हे कापडच आहे.

आणि ते चौकोन कापायचे कुणी? टाचणीवालीनं. सासूबाई लग्नानंतरही महालात कामाला जायच्या, पुष्कळ वर्षं. दरवर्षी मानाच्या दिवसाआधी त्या करडं कापड घेऊन बसायच्या, तळहाताएवढे चौकोन कापायच्या आणि नव्या झग्यांच्या खांद्यांवर शिवून द्यायच्या. कुणी स्वयंपाकीण, कुणी माळीण, कुणी वाढपीण. आनंदानं फुललेल्या त्या बायका. त्यातली एखादी हमखास विचारायची, "बाई, पदकाखाली हा चौकोन कशासाठी असतो हो?"

तेव्हा सासूबाई बोटानं आपल्या ओठांकडे दाखवायच्या. टाचण्या आहेत. बोलता येत नाही.

दूधआई गेली तेव्हा राणीनं स्वतः पोटमाळ्यावर चढून तिची टाचणी काढली म्हणतात. ते मला खरं माहीत नाही, सासूबाई त्या दिवशी खोलीत गेल्या नाहीत. दारापर्यंत जाऊन परत आल्या.

मी या घरात नवी असताना एकदा आम्ही दोघी पडद्यांना काठ लावत बसलो होतो. भिंतीवर राणीच्या दरबाराचं एक जुनं चित्र होतं, त्यात बाकावर बसलेल्या बायका आणि प्रत्येकीच्या खांद्यावर तो चौकोन. मी आपलं सहज विचारलं, "सासूबाई, हा करडा चौकोन कशाला हो?"

त्यांच्या ओठांत टाचण्या होत्या. बोट सवयीनं वर गेलं. ओठांशी जायच्या आधी थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग एकेक टाचणी ओठांतून काढली आणि उशीत खोचली, सगळ्या, एकही न ठेवता.

"दूध मी पाजलं नव्हतं," त्या म्हणाल्या.